सोसायटीच्या बागेचा आराखडा हातानेच काढावा

मोजपट्टी
मुलुंडला आमच्या आजूबाजूला पुनर्विकासाच्या इमारती भराभर उभ्या राहतायत आणि जवळपास प्रत्येकीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, बाग असतेच. सभासदांच्या बैठकीत तिचा आराखडा येतो तो संगणकावरून छापलेला, रंगीत, देखणा. मी बागांचे आराखडे काढण्याचंच काम करते आणि माझं मत आहे की एवढ्या आकाराच्या बागेचा पहिला आराखडा ड्रॉइंग बोर्डावर, टी-स्क्वेअर, गुण्या आणि कंपास घेऊन हातानेच काढला पाहिजे.

कारण सांगते. संगणकावर झाडाचं चिन्ह तयार मिळतं. एक गोल उचलला की तोच हव्या तितक्या ठिकाणी चिकटवला जातो. बकुळ, बहावा, पर्जन्यवृक्ष, सगळ्यांचा गोल तेवढाच. हाताने काढताना प्रत्येक झाडासाठी कंपास नव्याने उघडावा लागतो, म्हणजे पूर्ण वाढल्यावर त्याचा डेरा किती होणार हे आधी ठरवावंच लागतं. 1:100 च्या शीटवर, म्हणजे जागेवरचा 1 मीटर कागदावर 1 सेंटीमीटर धरून, 20 मीटर डेऱ्याचा पर्जन्यवृक्ष काढायला घ्या. कंपास 10 सेंटीमीटर उघडतो आणि ए-3 कागदाची जवळजवळ अर्धी लांबी एकटं ते झाड खातं. या जागेत हे झाड बसत नाही, हे तिथेच दिसतं. आमच्याच रस्त्यावरच्या एका इमारतीच्या आराखड्यात हे झाड भिंतीला चिकटून 3 मीटरच्या गोलात बसवलेलं मी पाहिलंय. बैठकीत कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही.

डेरे कुठे बघायचे, असं कोणी विचारेल. राणीच्या बागेत जा. 1862 साली खुली झालेली बाग आहे, तिथे पूर्ण वाढलेली झाडं मिळतात. फांद्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजा आणि वहीत लिहा.

पोडियमकर
साफ असहमत. वेगवेगळ्या मापांचे गोल संगणकावरही काढता येतात. कोणी एकच गोल वीस वेळा चिकटवत असेल तर तो त्या माणसाचा आळस आहे, साधनाचा दोष नाही.

आता पोडियमचं बोलू. खाली पार्किंग, वर माती. ओली माती घनमीटरला 1.8 टनांच्या आसपास भरते. मातीचा थर 1 मीटर धरला तर प्रत्येक चौरस मीटरवर तेवढं वजन आलं, झाडाचं वेगळंच. म्हणून मोठं झाड कॉलमच्या, म्हणजे खालच्या खांबाच्या, डोक्यावर घ्यायचं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा, पाणी निघून जायचे पाइप, अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता हे सगळं एकमेकांवर ठेवून बघावं लागतं. आणि हे नकाशे बदलत राहतात. एक पाइप सरकला की तुम्ही ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावरची शाई ब्लेडने खरवडणार. त्याच जागी दुसऱ्यांदा खरवडलं की कागद फाटतो. मी हे सगळं शिकताना केलंय. त्यात वेळ जातो, बाग सुधारत नाही.

मोजपट्टी
पोडियमकर, एकमेकांवर ठेवून बघणं हे ट्रेसिंगचंच काम आहे. कॉलमचं शीट खाली, बागेचं वर, चार कोपऱ्यांना टेप. इंग्लंडमधला हम्फ्री रेप्टन अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्राहकाला जागेचं चित्र दाखवायचा, त्यावर उचलता येणारी कागदाची झडप असायची. झडप खाली असताना आजची जागा, उचलली की बदललेली. पर्याय समोर ठेवून बोलायला कागद पुरतो.

आणि मी "पहिला आराखडा" म्हटलंय. पाइपांचं शेवटचं शीट संगणकावर करा, माझी ना नाही. पण कुठलं झाड, कुठे आणि का, हे हाताने ठरू द्या.

भायखळ्याची
कागदाबद्दल एक अडचण मांडते, ती दोघांनीही घेतलेली नाही. जुलैत मुंबईच्या हवेत ट्रेसिंग पेपर दमट होऊन फुगतो, लाटा येतात. त्यावरून पट्टीने मोजून अंतर काढलं की चुकलंच समजा. त्यात हल्ली शीटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, मग 1:100 ला काही अर्थच उरत नाही. म्हणून प्रत्येक अंतर आकड्यात लिहा आणि कोपऱ्यात मीटरची पट्टी काढून ठेवा, म्हणजे फोटो लहानमोठा झाला तरी तीही सोबत लहानमोठी होते. पट्टी न काढलेलं शीट, मग ते हाताचं असो की संगणकाचं, मी हातात घेत नाही.

फक्कीवाला
मी प्रत्यक्ष जागेवर बागा उभ्या करतो. तुमच्या शीटवरून जमिनीवर फक्की मारणारा मीच. माझं मत हाताच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं.

वळणदार वाफा घ्या. संगणकावर रेघ हवी तशी ओढून वळवता येते. ती जमिनीवर उतरवायला माझ्याकडे खुंटी आणि सुतळी असते. कंपासने काढलेलं वळण मला जसंच्या तसं जमतं. मध्य सांगा, त्रिज्या सांगा, खुंटी ठोकली, सुतळी ताणली, फक्की सोडत फिरलो, झालं. त्या ओढलेल्या रेघेला मध्यच नसतो. मग दर अर्ध्या मीटरवर भिंतीपासून अंतर मोजत बसा. (फ्रेंच कर्व्हने, म्हणजे वळणं काढायच्या तयार पट्टीने, काढलेल्या रेघेचंही तेच, हे हातवाल्यांनीही ऐकावं.)

दुसरं, आधीपासून उभी असलेली झाडं. आम्ही ती दोन टेपांनी घेतो. समजा कंपाउंडचे दोन कोपरे 9 मीटर अंतरावर आहेत. खोड एका कोपऱ्यापासून 6.40 आणि दुसऱ्यापासून 8.15. शीटवर कंपास 6.4 सेंटीमीटर उघडून एक चाप, 8.15 उघडून दुसरा. दोन्ही कापतात तिथे खोड. जमिनीवर टेप फिरतो तसाच कागदावर कंपास फिरतो, त्यामुळे माझ्या माळ्यांना असं शीट समजावून सांगावं लागत नाही.

पोडियमकर
फक्कीवाले, वळणाचा मुद्दा मान्य. आमच्या ऑफिसात मी चापच वापरायला सांगतो, संगणकावरही चाप असतात. पण दोन टेपांच्या मापात, चाप एकमेकांना फार तिरके कापत असतील तर खोड बरंच सरकतं. शिवाय अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ 1:100 वर 5 सेंटीमीटर होते. वाफ्याला चालेल. पाण्याच्या चेंबरच्या झाकणाला नाही चालणार.

आणि सावलीचं काय? टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या बागेत सगळा खेळ सावलीचाच आहे.

मोजपट्टी
सावलीसाठी गुण्याच घ्या. मुंबई 19 अंश उत्तरेला. 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. म्हणजे 45 चा गुण्या लावून रेघ ओढली की वर्षातली दुपारची सगळ्यात लांब सावली जवळपास मिळते: इमारत जेवढी उंच, तेवढी सावली उत्तरेला. 30 मीटरच्या इमारतीची 27-28 मीटर. जूनमध्ये सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो, तेव्हा तीच उत्तरेची पट्टी उन्हात येते. तिथे हिवाळाभर सावली आणि उन्हाळ्यात तळपतं ऊन दोन्ही सोसणारी झाडं लागतात. हे रेघ ओढताना समजतं, कारण प्रत्येक इमारतीची उंची विचारून घ्यावी लागते.

पोडियमकर
दुपारचं ठीक. सकाळी नऊला शेजारच्या टॉवरची सावली तिरकी येते, चारला पलीकडच्याची. मोगऱ्याला ऊन किती तास मिळेल हे एका रेघेने सांगता येत नाही. वर्षभराचे तास संगणक काढून देतो आणि त्यावर मोगरा की नेचे हे ठरतं. चुकलं तर मोगरा नुसता पानांनी वाढतो, फूल येत नाही, आणि सभासद माळ्याला बोल लावतात. इथे मी मागे हटणार नाही.

नवशिकी
मी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात आता फक्त कॅड, म्हणजे संगणकावर नकाशे काढणं, शिकवतात. हाताने सुरुवात करायची तर काय घेऊ?

मोजपट्टी
ए-2 बोर्ड, टी-स्क्वेअर, दोन गुण्ये (45 आणि 30-60), चांगला कंपास, 1:50 आणि 1:100 असलेली स्केल. भिंती आणि मापांसाठी 2एच पेन्सिल, झाडांसाठी एचबी. शाईची पेनं नंतर. पहिलं शीट स्वतःच्या बिल्डिंगच्या आवाराचं काढ, फक्कीवाल्यांनी सांगितलं तसं दोन टेपांनी.

पोडियमकर
जरूर काढ. पण कॅड सोडू नकोस. इमारतीचे नकाशे महापालिकेच्या ऑनलाइन प्रणालीत कॅडमध्येच जातात, आणि नोकरी मागायला गेलीस की पहिला प्रश्न तोच येतो.

फक्कीवाला
आणि ताई, शीट कसंही काढा, मापांचा शून्य भिंतीच्या पक्क्या कोपऱ्यावर धरा आणि तसं शीटवर लिहा. झाडापासून मोजायला सांगितलेली शीटं येतात माझ्याकडे, आणि ते झाडच तोपर्यंत कोणीतरी हलवलेलं असतं.