गप्प बसायला मिळतं कुठे!

विद्यार्थीकेंद्री शिकवणं म्हणजे सर खुर्चीत बसणार अन् पोरं गोंधळ घालणार, असं या चर्चेत वर एकांनी लिहिलंय. गोंधळाचं मान्य, पण सर बसतात हे काही पटलं नाही बाप्पा. रेसिप्रोकल टीचिंगचा, म्हणजे पोरांनीच आळीपाळीनं शिक्षक होऊन उतारा समजून घ्यायच्या पद्धतीचा, विषयच कुणी काढला नाही इथे. पॅलिन्सार अन् ब्राऊन या शिक्षण-संशोधकांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धत, तीही वाचता येतं पण अर्थ लागत नाही अशा सातवीच्या मुलांसाठी. अंदाज बांधा, प्रश्न विचारा, अडलेलं सोडवा, सारांश सांगा, ही चार कामं आधी शिक्षकानं मोठ्यानं बोलून करून दाखवायची, मग हळूहळू पोरांच्या हाती द्यायची, अन् हे करून दाखवणंच बरेच जण गाळतात म्हणून मग गोंधळ होतो.

मी नागपुरात धरमपेठेत संध्याकाळी ॲडव्हान्स रीडिंगची बॅच घेतो, त्यात हितवाद या इंग्रजी पेपरचा अग्रलेख देतो. मागे उन्हाळ्यावरचा एक दिला होता, तर कळमेश्वरहून येणारा एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, त्या दिवशी प्रश्न विचारायचं काम त्याच्याकडे होतं, म्हणे 'आकडे दिले, पण मोजले कुणी ते कुठे लिहिलंय?' सगळे परत पान उलटून शोधायला लागले, अन् माझ्या तयारीत हा प्रश्न नव्हताच. फक्त कामं दर वेळी बदलत राहा, नाहीतर सारांश कायम कॉन्व्हेंटवालेच सांगून राहिले असतात.