‘भौतिकवादी असूनही साधे’: यातला ‘असूनही’ मला खटकतो

पाटपाणी
गेल्या महिन्यात बाबा गेले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. देव मानला नाही, आत्मा मानला नाही, देहदान केलं. शोकसभेत एक काका अगदी भरल्या गळ्याने म्हणाले, “विचारांनी भौतिकवादी असूनही माणूस किती साधा!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तो ‘असूनही’ अजून टोचतोय.

बाबांचा भौतिकवाद काय होता ते सांगते. मी चौथीत असताना त्यांनी घरातला रेडिओ उघडून दाखवला. सेल काढला, आवाज गेला. सेल घातला, आवाज आला. म्हणाले, “आत कुणी बसलेलं नाही. तारा, चुंबक आणि कागदाचा पडदा. मनाचंही असंच.” जे आहे ते द्रव्याचं आहे, जाणीवही त्यातूनच उगवते, इतकंच ते म्हणणं. माणसाने किती कपडे घ्यावेत याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बाबांकडे तीन सदरे होते आणि चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती.

इंग्रजीत दोन्हीला ‘मटेरियालिझम’ हा एकच शब्द आहे. आपल्याकडे चंगळवाद आहे, भोगवाद आहे, साधी ‘हाव’ आहे. मग दर प्रवचनात ‘आजची पिढी भौतिकवादी झाली’ असं का? हाव असेल तर हाव म्हणा. तत्त्वज्ञानाचं नाव का वापरता?

इंद्रायणीकाठ
ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण पटलं नाही. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात. ‘भौतिक सुखं’ म्हटलं की माझ्या आजीलाही कळायचं, आणि तिला तत्त्वज्ञानाचा गंध नव्हता.

शिवाय हा संबंध प्रवचनकारांनी जोडलेला नाही. ‘यावज्जीवेत् सुखं जीवेत्, ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हे चार्वाकांच्याच, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या भौतिकवाद्यांच्याच नावावर आहे ना? देह राख झाला की परत येणं नाही, म्हणून कर्ज काढून तूप प्या. विचार आणि वागणं दोन्ही एकाच श्लोकात आलं.

कृष्णाघाट
त्यांच्या नावावर आहे, पण ते लिहून ठेवलं कुणी? लोकायतांचे, म्हणजे चार्वाकपंथीयांचे, मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांच्याबद्दल कळतं ते बहुतेक विरोधकांकडून. हा श्लोक १४व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथातल्या चार्वाकांवरच्या प्रकरणात आहे, आणि ते वेदान्ती होते. गंमत नाही, खरंच उघडून पाहा: त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हाच श्लोक येतो तेव्हा दुसरा चरण ‘नास्ति मृत्योरगोचरः’ असा आहे. सुखाने जगा, मृत्यूच्या नजरेतून कुणी सुटत नाही. प्रकरणाच्या शेवटी तिथे कर्ज आणि तूप येतं. पहिल्या पाठात शोक आहे, दुसऱ्यात टिंगल.

ग्रीसमध्येही तेच झालं. तिथला तत्त्वज्ञ एपिक्युरस अणुवादी होता, म्हणजे सगळं अणूंचंच बनलंय म्हणणारा, आणि सुखवादी म्हणून बदनाम झाला. भाकरी-पाण्यावर खूश असणारा माणूस. मित्राला लिहितो, चीजचं एक लहानसं भांडं पाठव, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्याने तर १८८६ मध्येच तक्रार केली होती की सामान्य माणूस भौतिकवाद म्हणजे खादाडी, दारू, पैशाची हाव असं समजतो. ताईंची तक्रार जुनीच आहे आणि रास्त आहे.

आमच्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पाठशाळेत न्याय-वेदान्त शिकलेले, पण जडवादाची, म्हणजे भौतिकवादाचीच, बाजू मांडायला त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांना कुणी चंगळवादी म्हणेल?

इंद्रायणीकाठ
पाठभेद माहीत नव्हता, मान्य. पण माझा मुद्दा उरतोच. वर हिशेब मागणारा कुणी नाही, पुढचा जन्म नाही, तर मी हात आवरता का घेऊ? आम्ही वारकरी पैशाला नाक मुरडत नाही. तुकोबा ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ म्हणतात, पण लगेच ‘उदास विचारें वेच करी’ही म्हणतात. ती उदासीनता कुठल्या तरी मोठ्या गोष्टीच्या ओढीतून येते.

राग मानू नका, ताई. बाबांचा साधेपणा त्यांना जडवादाने दिला, की घरच्या वळणाने? त्यांच्या आईच्या गळ्यात माळ होती का?

आणि रेडिओचं उदाहरण तर उलटं पडतं. सेल काढला म्हणून आकाशवाणी केंद्र बंद पडत नाही. गाणं दुसरीकडून येत असतं.

रात्रपाळी
मी मेंदूविकाराच्या वॉर्डात सिस्टर आहे. रेडिओ बिघडला तर खरखर येईल, आवाज तुटेल. पण त्याच स्टेशनवर भजनाच्या जागी शिव्या लागणार नाहीत. माणसात मात्र तसं होतं. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण हा आता आपला गेज राहिला नाही, असं सोबत्यांचं म्हणणं त्याच्या डॉक्टरने नोंदवून ठेवलंय.

आमच्याकडे एक आजोबा होते, शाळेत शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. झटक्यानंतर सुनेला नको ते बोलायचे. तिला वाटायचं, इतकी वर्षं मनात हेच होतं. मी तिला स्कॅनवर कपाळामागचा काळा डाग दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग उठून त्यांना दूध पाजायला गेली. हा भौतिकवादच, आणि त्याने त्या घरात माया परत आणली.

शब्दवेल्हाळ
माझा दोघांनाही विरोध आहे. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे टॅक्स, कुणाचा गोंधळ होतो का? तसेच भौतिकवादाचे दोन अर्थ नांदू देत. ‘जडवाद’ हा पर्याय तर नकोच. जड बुद्धी, जड अंतःकरण, जड पावलं, सगळं मेलेलं. द्रव्यातून जाणीव उगवते म्हणणाऱ्यांच्या गळ्यात हा शब्द कशाला?

पाटपाणी
‘जड’बद्दल पटलं. पण टॅक्स भरताना कुणी हाताला दोष देत नाही. इथे एका अर्थाचा डाग दुसऱ्यावर पडतो.

@इंद्रायणीकाठ, राग नाही. हो, आजी माळकरी होती. बाबांनी माळ घातली नाही, पण तिला पंढरपूरला दर वर्षी तेच गाडीत बसवून द्यायचे. साधेपणा तिच्याकडून आला असेल, मी नाही म्हणणार नाही. पण हात का आवरायचा, याचं उत्तर त्यांच्याकडे स्वतःचंही होतं. देह एकदाच मिळतो म्हणायचे, माझाही आणि समोरच्याचाही. ब्रेकचं काम रात्री अकरा वाजता दुसऱ्यांदा तपासायचे ते याच कारणाने. बसमधल्या कुणालाही पुढचा जन्म नव्हता, त्यांच्या हिशेबाने.

काल काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “पोरी, मी कौतुकच केलं होतं गं. तुझं म्हणणं कळतंय. पण भौतिकवादी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सोन्याच्या साखळ्याच येतात, त्याला मी काय करू?” मग थोडं थांबून म्हणाले, “ती चष्म्याची तार मीच वाकवून दिली होती. नवीन काडी आणतो म्हटलं, तर नको म्हणाला.”