दीड महिन्याच्या लशीनंतर ताप आला, आता पुढचे डोस द्यायचे की थांबायचं?

चिऊची_आई

नमस्कार. मुलगी अडीच महिन्यांची आहे. दीड महिन्याच्या लशी दिल्या त्या रात्री तिला सडकून ताप आला, मांडी सुजून कडक झाली, नुसता हात लागला तरी किंचाळायची, मी आणि नवरा आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन फिरत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप उतरला पण मांडीत छोटी गाठ अजून हाताला लागते. आता पुढचा डोस आलाय तर नवरा म्हणतो थांबू, दोन वर्षांची होऊ दे, अंगात जरा ताकद आली की देऊ. जाऊबाई रोज एक व्हिडिओ पाठवतात, कधी ऑटिझम, कधी पारा, कधी एवढ्याशा जिवाला एकदम इतक्या लशी कशाला. मी लशींच्या विरोधात अजिबात नाही, पण तिचं ते रडणं ऐकल्यापासून धीरच होत नाहीये. प्लीज नुसतं "डॉक्टर सांगतात ते कर" असं लिहू नका, उशीर केला तर नेमकं काय बिघडतं ते सांगा.

बालरोग_कट्टा

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. ताप आणि सूज बहुतेक ट्रिपल लशीतल्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डांग्या खोकल्याच्या भागामुळे येते, एकदोन दिवसांत जाते. ती गाठ दुखत नसेल, लाल-गरम नसेल तर काही आठवडे राहिली तरी चालते, चोळू नका, शेकू नका. यासाठी पुढचा डोस थांबवत नाहीत. थांबवतात कधी, तर लस दिल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला, किंवा आठवडाभरात मेंदूशी संबंधित काही गंभीर झालं तर. तुमच्या लेकीला यातलं काही झालेलं नाही.

आता उशिराबद्दल. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं ऐकायला पटतं, पण डांग्या खोकला सगळ्यात घातक असतो तो पहिल्या काही महिन्यांतच. मोठ्या मुलाला ढास लागते, शेवटी तो हूऽप आवाज येतो, लोकांना कळतं. दोन महिन्यांच्या बाळाला बऱ्याचदा नीट खोकताही येत नाही, ते फक्त श्वास घ्यायचं थांबतं, ओठ निळे पडतात. अशी बाळं मी पाहिली आहेत म्हणून इतकं कळकळीने लिहितेय. आईकडून आलेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं आणि एका डोसाने पुरेसं संरक्षण येत नाही, म्हणून तर एकामागून एक डोस. म्हणजे दोन वर्षं थांबलात तर ज्या वयात धोका जास्त तेच वय उघडं राहणार.

असेल्युलर लस मिळते, म्हणजे डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू नाही, त्याचे फक्त काही भाग असलेली, लोक तिला पेनलेस म्हणतात, तिने ताप-सूज कमी येते पण संरक्षण जरा लवकर ओसरतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती ते आधीच लिहून घ्या, पण ताप यायच्या आधीच देऊन ठेवू नका. इंजेक्शनच्या वेळी अंगावर पाजत राहिलात तर बाळ खरंच कमी रडतं.

रेवाबाबा

ऑटिझमबद्दल मी लिहितो कारण माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. ही भीती पसरली १९९८ साली, ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक पेपर छापला त्यावरून, त्यात मुलं होती फक्त १२. पुढे त्यातली माहिती फिरवलेली निघाली, लसकंपन्यांवर केस करणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतल्याचं निघालं, २०१० मध्ये लॅन्सेटने पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टर म्हणून नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, २०१९ ला छापून आलं, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझममध्ये फरक नाही. पाऱ्याचं म्हणाल तर थायोमर्सल (लस टिकावी म्हणून घालायचं पारा असलेलं रसायन) असलेल्या लशी डेन्मार्कने १९९२ मध्येच बंद केल्या, तरी ऑटिझमचं निदान पुढे वाढतच गेलं.

लोकांना वाटतं कारण वय जुळतं, मुलं बोलायला लागायच्या सुमाराला गोवराची लस असते आणि ऑटिझम लक्षात यायला लागतो तोही तेव्हाच. आम्ही जुने व्हिडिओ काढून बघितले तर त्या लशीच्या कितीतरी आधीपासून तो हाक मारली तरी वळत नव्हता, पंख्याकडे बघत बसायचा. आणि एक सांगू का, "गोवर परवडला पण असं मूल नको" असं कुणी सहज बोलून जातं ना, ते माझ्या मुलाबद्दल असतं. तो आमचा लाडका आहे, त्याला भीती दाखवायला वापरू नका एवढीच विनंती.

पाऊलखुणा

मी जरा वेगळं लिहिते. लस शंभर टक्के सुरक्षित असं सांगू नका कुणी, आईबाप विश्वास गमावतात ते याच वाक्याने. आमच्याकडे प्रश्न विचारला की नर्सबाई वैतागायच्या, मी डॉक्टर बदलला, पण लशी सगळ्या वेळेत दिल्या. पॅसिफिकमधल्या सामोआ या छोट्या बेटांच्या देशाचं वाचा. २०१८ मध्ये तिथे गोवराची लस दिल्यावर दोन बाळं गेली. लस वाईट नव्हती, नर्सनी लशीची पावडर पाण्याऐवजी चुकून भूल देताना वापरतात त्या औषधात कालवली होती. पण लोक घाबरले ते घाबरलेच, लसीकरण काही महिने बंदही होतं, अफवा पसरल्या, आणि २०१९ च्या शेवटी गोवर आला तेव्हा दोन लाखांच्या देशात ८३ माणसं गेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली. त्या दोन बाळांच्या आईबापांचं दुःख खरं होतं आणि त्या भीतीने जे झालं तेही खरंच. म्हणून विचारत राहायचं, कुपीवरची एक्सपायरी डेट बघायची, नवीन सुई समोर फोडायला सांगायची, लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. पण द्यायची.

सावली_२

माझ्या मुलीची ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) ट्रीटमेंट चालू आहे, त्यात प्रतिकारशक्ती कमी होते. तिला गोवराची लस देता येत नाही, ती जिवंत विषाणूची असते. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आजूबाजूच्या लस न घेतलेल्या दहातल्या नऊ जणांना तो होतो. आजूबाजूच्या साधारण ९५ टक्के लोकांना संरक्षण असेल तरच तो आमच्यासारख्यांपर्यंत पोचत नाही. बाकी मुलांच्या आयांनी लस दिलीये म्हणून माझी मुलगी बाहेर पडू शकते, एवढंच सांगायचं होतं.

चिऊची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीताई, मुलीला खूप खूप आशीर्वाद. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, डांग्या खोकल्याचं ऐकून तो गप्पच झाला. सोमवारी नेतोय. जाऊबाईंना काय सांगायचं ते बघते. अजून दोन शंका, थोडी सर्दी आहे तर चालेल का, आणि पुढे गोवराच्या लशीलाही असाच ताप येतो का?

बालरोग_कट्टा

साध्या सर्दीला चालतं, चांगला ताप असेल तर उतरल्यावर न्या. आणि चारसहा दिवस पुढे गेलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेलं पुढे चालू.

गोवराच्या लशीचा ताप वेगळा असतो, त्या रात्री येत नाही, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर हलकं पुरळही येतं आणि आपोआप जातं. तेव्हा लोकांच्या डोक्यातून लस निघून गेलेली असते आणि मग धावपळ होते, म्हणून कार्डवर त्या तारखांपुढे आत्ताच खूण करून ठेवा.