मोफत संगणक प्रशिक्षण घेतले. पुढे काम मिळाले का? (अनुभव धागा)

२००१ साली एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा सुरू झाली, तेव्हा शुल्क भरल्याखेरीज संगणकाला हात लावायला मिळणे अवघड होते. पुढे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांनी आपापल्या समाजघटकांतील तरुणांसाठी विनाशुल्क प्रशिक्षणे सुरू केली, आणि २०१७पासून केंद्र सरकारच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात १४ ते ६० वयोगटातील घरटी एका व्यक्तीला २० तासांचे शिक्षण मोफत मिळू लागले. ते अभियान मार्च २०२४मध्ये संपले. किती जणांना प्रमाणपत्रे मिळाली याचे आकडे अहवालांत सापडतात, पण प्रमाणपत्र हाती आल्यावर माणसाचे पुढे काय झाले, हे त्या माणसालाच विचारावे लागते. म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की, नेमके काय येत होते म्हणून काम मिळाले आणि ‘मोफत’ म्हणता म्हणता पदरचे किती गेले, ते सविस्तर लिहावे. फसगत झाली असल्यास तीही लिहावी, मात्र संस्थेचे नाव टाळावे.

कराड तालुका, वय ४१

बारावीनंतर लग्न झाले आणि सोळा वर्षे मी घरी शिवणकाम केले. २०१९मध्ये आमच्या ग्रामपंचायतीत वर उल्लेख केलेल्या अभियानाचा वर्ग भरला, तेव्हा सासूबाईंनीच माझे नाव दिले. पहिले तीन दिवस मला डबल क्लिक जमले नाही. दोन टिचक्यांमध्ये इतका वेळ जायचा की फाइल उघडण्याऐवजी तिचे नाव बदलण्याची चौकट यायची, आणि शिकवणारा मुलगा हसू दाबून पुन्हा करून दाखवायचा.

त्या २० तासांनी नोकरी मिळाली असे मी म्हणणार नाही, कारण ते शिक्षण तेवढ्यासाठी नव्हतेच. पण वर्ग संपल्यावरही मी त्या केंद्रात जात राहिले. शेतकरी सन्मान निधीच्या अर्जांची गर्दी होती, केंद्रचालकांना आधार क्रमांक आणि सातबारावरचे नाव ताडून पाहणारे माणूस हवे होते, आणि ब्लाउजच्या मापांत अर्धा इंच इकडचा तिकडे होऊ न देण्याची सवय मला तिथे उपयोगी पडली. सुरुवातीला अर्जामागे पैसे मिळायचे. २०२१पासून मी तिथे पगारावर आहे.

चाकण, वय २४

मी सारथीच्या विनाशुल्क संगणक कौशल्य कार्यक्रमात शिकलो. मुलाखतीत प्रमाणपत्र कोणीही पाहिले नाही. गोदामाच्या व्यवस्थापकांनी कामगारांच्या बँक खात्यांची एक्सेल फाइल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “दर महिन्याला याच चार-पाच जणांचा पगार परत येतो. का, ते सांगा.” मी दहा मिनिटे नुसता पाहत बसलो. मग लक्षात आले की त्या सगळ्यांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य आहे. एक्सेल पंधरा अंकांपुढचा अंक जपून ठेवत नाही, त्या जागी शून्य घालते. त्यामुळे क्रमांक भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा लागतो. आमच्या मॅडमनी वर्गात आधार क्रमांकांची यादी करताना हे दाखवले होते, आणि तेव्हा मला ते अगदीच क्षुल्लक वाटले होते. दुसऱ्या दिवशी मी कामावर रुजू झालो.

इचलकरंजी, वय ५४

मी एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होतो. किर्द आणि खतावणी हाताने लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, मालकांनी हिशेब बाहेरच्या कर सल्लागाराकडे दिला, आणि वर्षभरात माझी गरज संपली. मालकांनी वाईट वागवले असे नाही, परंतु वयाच्या या टप्प्यावर घरी बसणे फार जड गेले.

गावातील एका न्यासाने संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मोफत वर्ग सुरू केला, तिथे मी माझ्या मुलीच्या वयाच्या मुलांशेजारी बसलो. त्या मुलांची बोटे झरझर चालत, पण नावे कोणाला टाकायचे आणि जमा कोणाला करायचे, इथे ती अडत. माझे नेमके उलटे होते. नोंद कशी करायची ते मला पाठ होते, कळ सापडत नव्हती. एका कागदावर एफ५ म्हणजे देय, एफ६ म्हणजे जमा पावती, एफ८ म्हणजे विक्री आणि एफ९ म्हणजे खरेदी असे लिहून मी तो पडद्याच्या कडेला चिकटवला. महिनाभराने मुले मला जमाखर्च विचारू लागली आणि मी त्यांना माऊसबद्दल विचारू लागलो. आज मी दोन सूत व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतो. दिवाळीला पूजेसाठी एक कोरी वही अजूनही आणतो. वर्षभर तिच्यात काही लिहिले जात नाही, ही गोष्ट निराळी.

यवतमाळ जिल्हा, वय २६

माझा अनुभव चांगला नाही. राहणे-जेवण मोफत आणि नोकरीची हमी, असे सांगून गावातून आम्हा अकरा मुलांना नेले. बायोमेट्रिक हजेरी रोज काटेकोरपणे घेतली जायची. शिकवणारे मात्र आठवड्यातून दोनदाच यायचे. नोकरी मिळाली, हे खरे आहे. ती दूरच्या शहरात होती, काम पाकिटे भरण्याचे होते, आणि खोलीभाडे व जेवण वजा जाता हाती जेमतेम दीड हजार उरत होते. तीन महिन्यांनी आम्ही सगळे परतलो. कागदोपत्री मात्र आम्ही अकराही जण नोकरीला लागलेले असणार.

बार्शी, वय ३१

वाचनालयातील मोफत वर्गात मी मराठी टंकलेखन शिकले. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, हे एकदा डोक्यात बसले की वेग आपोआप वाढतो. पण मला वकिलांच्या कार्यालयात काम मिळाले ते वेगामुळे नव्हे. वकीलसाहेबांनी चाचणीला दिलेल्या मजकुरात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द सात वेळा होता. माझ्याआधीच्या दोघांनी तो ‘शेतकर्यांच्या’ असा उमटवला होता. इंग्रजी ‘जे’ (J) या अक्षराची कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो, मग हलन्त आणि मग य, इतकेच त्यात आहे. साहेबांनी कागद वाचला आणि “उद्यापासून या” एवढेच म्हणाले. सरकारी नोकरीसाठी लागणारी टंकलेखनाची परीक्षा मी नंतर पदरचे शुल्क भरून दिली, कारण वाचनालयाचा वर्ग कितीही चांगला असला तरी अर्जात त्याला किंमत नाही.

पुणे, वय ३५

मला दिसत नाही. आमचे सगळे प्रशिक्षण कळफलकावरच झाले, आणि पडदा वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअरही मोफतच मिळते. आता मी एका कार्यालयात पत्रव्यवहार पाहतो. अडचण एकच, पण रोजची आहे: युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधले मराठी परिपत्रक आले की माझा संगणक इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचू लागतो. ते परिपत्रक युनिकोडमध्ये बदलून घेण्याची युक्ती मला प्रशिक्षणातच शिकवली होती. आता डोळस सहकारीही त्यासाठी माझ्याकडे येतात.

प्रशिक्षक, नाशिक

अकरा वर्षे शिकवीत असल्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी ज्यांना वर्गाबाहेर रोज तासभर संगणक मिळतो, तेच पुढे टिकतात; तीन जणांत एक यंत्र असेल तर ज्याच्या हातात माऊस असतो तोच शिकतो आणि बाकीचे दोघे पाहतात. अनुदान मात्र डोकी मोजून मिळते, सरावाचे तास मोजून मिळत नाही. म्हणून मी दुपारी दोन ते चार वर्ग उघडा ठेवतो. त्या वेळात कोणीही शिकवत नाही, आणि माझ्या माहितीतल्या बहुतेकांना काम मिळाले ते त्या दोन तासांच्या जोरावर.

सिन्नर, वय २२

वर लिहिणाऱ्या सरांसारखाच दुपारी उघडा राहणारा एक वर्ग मला लाभला आहे. धाग्यात पदरच्या खर्चाबद्दल विचारले आहे, म्हणून लिहिते. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हाच मला येणे-जाणे परवडू लागले. त्याआधी एक बॅच मी याच कारणाने अर्ध्यावर सोडली होती. अजून काम मिळालेले नाही. येत्या सोमवारी एका कांदा व्यापाऱ्याकडे आवक-जावक नोंदीच्या कामासाठी बोलावले आहे. वरचा खाते क्रमांकाचा किस्सा मी आज घरी दोनदा करून पाहिला. काय होईल ते इथे कळवीनच.