शब्दचर्चा : ‘धोरण अद्ययावत झाले नाही’ म्हणजे नेमकं काय झालं नाही?

आमच्या कार्यालयात साठेक संगणक आहेत, देखभाल माझ्याकडे आहे. कर्मचाऱ्यांना इंग्रजी संदेश कळावेत म्हणून मी एक मराठी सूचनापत्रक करून प्रत्येक टेबलावर ठेवलं आहे. ‘कम्प्युटर पॉलिसी कुड नॉट बी अपडेटेड’ या संदेशापुढे मी लिहिलं होतं, ‘संगणकाचे धोरण अद्ययावत झाले नाही’. गेल्या महिन्यात आवक-जावकच्या मॅडमचा फोन आला : “साहेब, धोरण अद्ययावत झालं नाही असं आहे कागदावर. बदल्यांचं का?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सरकारी-निमसरकारी कार्यालयात धोरण म्हटलं की बदल्यांचं, भरतीचं, खरेदीचं. धोरण म्हणजे पुढची दिशा, कल. ‘धोरणी माणूस’ म्हणतो तेव्हाही आपल्याला लांबचं बघणारा माणूसच अभिप्रेत असतो. हा संदेश मात्र विंडोजमधल्या ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे कार्यालयातल्या सगळ्या संगणकांना एकाच ठिकाणाहून लावायच्या सेटिंगचा. मराठीत तिला ‘गट धोरण’ म्हणतात. तिच्यात दिशा, कल असं काही नसतं. पेनड्राइव्ह चालणार नाही, दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक होईल, अमुक प्रिंटर दिसेल, अशा नेमक्या सक्तीच्या गोष्टी असतात. त्यात ‘गट’ हा शब्द आणखी फसवा. ही पॉलिसी साइटला (एका ठिकाणच्या नेटवर्कला), डोमेनला (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या सगळ्या जाळ्याला) किंवा ऑर्गनायझेशनल युनिटला (त्यातल्या एखाद्या विभागाला) जोडतात, वापरणाऱ्यांच्या गटाला नाही. म्हणजे ‘गट धोरण’मधले दोन्ही शब्द वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात.

मला पर्यायी शब्द हवा आहे. पण त्याआधी एक कबूल करतो. मॅडमच्या संगणकाच्या त्या बिघाडात माझे दोन दिवस गेले ते नामामुळे नाही, क्रियापदामुळे. ते खाली लिहितो, आधी तुमची मतं येऊ द्या.

प्रतिसाद

‘शिरस्ता’ का नको? फारसी सररिश्त्यापासून आलेला, कचेरीतच वाढलेला शब्द. शिरस्तेदार हे पद महसुलात होतंच. नाहीतर ‘दंडक’. दोन्ही सरकारी कागदाला शोभतात.

प्रतिसाद

शिरस्ता म्हणजे चालत आलेली रीत, कोणी हुकूम न काढताही पाळली जाते ती. इथे तर कोणीतरी बसून मुद्दाम ठरवलेलं असतं आणि आज ठरवून उद्या बदलताही येतं. दंडक अर्थाने जवळ आहे, पण ‘दंडक अद्ययावत झाला नाही’ कानाला कसं लागतं बघा. नुसतं ‘पॉलिसी’ ठेवावं तर अर्ध्या लोकांना विम्याचा हप्ता आठवतो.

शुद्धलेखनाचं एक, कारण सूचनापत्रक छापायचं आहे : शब्द ‘अद्ययावत’ आहे, ‘अद्यावत’ नाही. अद्य आणि यावत्, आजपर्यंत. दोन ‘य’ लागतात. ‘अद्यतन’ वेगळा, त्याचा अर्थ आजचा. व्याकरणात ‘अनद्यतन भूत’ आहे ना, आज न घडलेला, त्यातला. हल्ली ‘अद्यतनित करणे’ सर्रास दिसतं, पण बोलताना ते कोणाच्या तोंडी आलेलं मी ऐकलेलं नाही.

मूळ लेखक

धन्यवाद, सूचनापत्रकात मी एकच ‘य’ लिहिला होता. आता क्रियापदाचं सांगतो.

नवा प्रिंटर सगळ्यांना दिसावा म्हणून आम्ही सर्व्हरवर पॉलिसी केली. बाकी सगळीकडे दिसला, आवक-जावकच्या टेबलावर नाही. ‘धोरण अद्ययावत झाले नाही’ हे वाक्य डोक्यात घेऊन मी सर्व्हर तपासत बसलो. जोडणी बरोबर आहे का, परवानग्या बरोबर आहेत का, प्रिंटरचं नाव बरोबर आहे का. कारण त्या वाक्यात कर्ताच नाही. कोणी अद्ययावत करायचं होतं? वाटतं की सर्व्हरने.

प्रत्यक्षात सर्व्हर कोणाला काही पाठवत नाही. प्रत्येक संगणक स्वतः डोमेन कंट्रोलरकडे, म्हणजे त्याच सर्व्हरकडे, जातो, नवीन काही आहे का विचारतो आणि घेऊन येतो. सुरू होताना एकदा, मग साधारण दर ९० मिनिटांनी. सगळे एकदम धडकू नयेत म्हणून त्यात शून्य ते ३० मिनिटांची आणखी भर पडते. परिपत्रक शिपायाबरोबर टेबलावर येत नाही, ज्याने त्याने जाऊन आणायचं असतं. म्हणून साठांपैकी एकालाच मिळालं नसेल तर आधी त्या एकाकडेच बघायला हवं.

तिसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसलो. जीपीअपडेट फोर्स, म्हणजे पॉलिसी लगेच आणायला लावणारी आज्ञा, चालवलं, नापास. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या नोंदीच्या तपशिलात एररकोड १३९८ होता. त्याचा अर्थ, या संगणकाची आणि सर्व्हरची वेळ जुळत नाही. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं मागे. मॅडम म्हणाल्या, “ते मागेच असतं, मी भिंतीवरचं बघते.” रोज संध्याकाळी वीज भिंतीवरच्या बटणापासून बंद, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल अगदी क्षीण, आणि वेळ जुळवणारी विंडोज टाइम ही सेवा कोणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेली. ओळख पटवण्याचं काम करणारं केर्बेरॉस साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. चाळीस मिनिटं म्हणजे दारावरच अडवणूक. सेल बदलला, सेवा सुरू केली, वेळ जुळवली, पुन्हा जीपीअपडेट. प्रिंटर आला.

‘या संगणकाने नियम आणले नाहीत’ असं मी लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी त्या टेबलाशी गेलो असतो. म्हणून माझं म्हणणं : नाम कोणतंही घ्या, वाक्याला कर्ता द्या.

प्रतिसाद

मी नेटवर्कच्याच कामात आहे. ‘आणणे’ अगदी बरोबर, पण एका क्रियापदाने भागणार नाही. माझ्याकडे एका संगणकाने सगळं व्यवस्थित आणलं होतं, डीएनएस (सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सोय) ठीक, वेळ ठीक, तरी लागू होत नव्हतं. नोंदवहीत इव्हेंट १०९६ होता. सिस्टिम३२ मधल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरमधली, पॉलिसीची सेटिंग साठवणारी रजिस्ट्री.पॉल ही फाइल बिघडलेली. तिचं नाव बदलून बाजूला केली, पुन्हा जीपीअपडेट, फाइल नव्याने तयार झाली, काम झालं. तिथे ‘आणले नाहीत’ लिहिलं असतं तर मी उगाच केबल तपासत बसलो असतो. ‘आणणे’ आणि ‘लागू होणे’ वेगळं लिहा. इंग्रजीतल्या अपडेटने दोन्ही एकाच शब्दात झाकून टाकलंय.

कर्त्याचं म्हणाल तर आणखी एक. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एमएस१६-०७२ हा सुरक्षा सुधार आला. तोवर वापरणाऱ्या माणसाची पॉलिसी त्या माणसाच्या ओळखीने आणली जायची, त्यानंतर संगणकाच्या ओळखीने. ज्यांनी पॉलिसी वाचण्याची परवानगी फक्त माणसांना दिली होती, त्यांच्या पॉलिसी लागू व्हायच्या बंद झाल्या. कर्ता बदलला होता आणि परवानगी जुन्याच कर्त्याच्या नावावर होती.

प्रतिसाद

सगळं पटलं, पण ‘नियम’ शब्द आधीच घेतलेला आहे. फायरवॉलमधल्या रूलला आपण नियमच म्हणतो. सूचनापत्रकात दोन्ही आले तर पुन्हा गोंधळ. शिवाय धोरण रुळलेलं आहे, कशाला मोडायचं?

मूळ लेखक

रुळलेलं आहे ते अनुवादकांच्या कागदावर, टेबलांवर नाही. फोन टेबलावरून आला होता. पण नियमाबद्दलची हरकत खरी आहे. सर्व्हरवर आपण एकेक नियम ठेवत नाही, अनेक नियमांचा एक संच ठेवतो. त्याला ‘नियमावली’ म्हणावं. हा शब्द सोसायटीतल्या सभासदापासून वसतिगृहातल्या मुलापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती पाळायची असते हे वेगळं सांगावं लागत नाही. मग असं लिहितो :

‘या संगणकाने कार्यालयाची नियमावली आणली नाही. संगणकाची तारीख-वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का पाहा आणि कळवा.’

‘नियमावली आणली, पण लागू झाली नाही. संगणक पुन्हा सुरू करा. तरीही हेच आले तर काहीही न पुसता कळवा.’

प्रतिसाद

छान. एकच सुचवते : पहिल्या वाक्यात ‘आणली नाही’च्या जागी ‘आणता आली नाही’ करा. ‘आणली नाही’ म्हणजे गेलाच नाही. तुमचा संगणक तर गेला होता, दारावर अडवला गेला.

मूळ लेखक

‘या संगणकाला नियमावली आणता आली नाही.’ बरोबर, तोच फरक होता. सोमवारी असंच छापून टेबलांवरचे जुने कागद काढतो.