मदत हवी आहे: जास्तीच्या अमिनो अ‍ॅसिडमधला नायट्रोजन नक्की जातो कसा?

मंडळी, बायोकेमिस्ट्रीवाले कोणी असाल तर प्लीज मदत करा, दोन दिवस डोक्याचा नुसता भुगा झालाय. चरबी साठते, ग्लुकोज ग्लायकोजेन म्हणून साठतं, पण अमिनो अ‍ॅसिडला (प्रोटीनच्या घटकांना) कोठारच नाही म्हणून जास्तीचं मोडावंच लागतं, इथपर्यंत ठीक. अमिनो गट (नायट्रोजनवाला भाग) काढून अल्फा-कीटोग्लुटारेट नावाच्या रेणूला द्यायचा, ग्लुटामेट होतं, त्यातून लिव्हरमध्ये अमोनिया सुटतो आणि तो विषारी म्हणून त्याचा युरिया करून किडनीकडे पाठवायचा, हेही कळलं. उरलेला कार्बनचा सांगाडा जळतो नाहीतर त्याचं ग्लुकोज किंवा चरबी होते (ल्युसिन-लायसिन या दोन अमिनो अ‍ॅसिडांचं ग्लुकोज होत नाही, हे सरळ पाठ केलंय).

गाडी अडते पुढे. युरियात नायट्रोजन दोन, एक अमोनियातून येतो पण दुसरा अ‍ॅस्पार्टेट या अमिनो अ‍ॅसिडकडून, असं का? दोन्ही अमोनियातूनच घेतले तर काय बिघडलं असतं? आणि स्नायूंत तर युरिया सायकल (अमोनियाचा युरिया करणारी प्रक्रिया) पूर्ण होतच नाही, तिथला नायट्रोजन अ‍ॅलानिन नाहीतर ग्लुटामाइन (हीही अमिनो अ‍ॅसिडंच) बनून रक्तात जातो म्हणे, मग कधी कुठलं हे ठरतं कशावरून?

नुसती आकृती टाकू नका प्लीज, आकृत्या बघूनच हे झालंय 😅