मदत हवी आहे: शिखांबद्दलचे गैरसमज घालवणारं पोस्टर (तातडीचं)

चित्रलेखा_जर्सी: शुक्रवारी फाइल छपाईला जायचीय आणि डोकं चालेनासं झालंय. बैसाखीनिमित्त लायब्ररीत पॅनेल लावणार आहोत. शेजारच्या कौर आंटींच्या नातवाला शाळेत डोक्यावरच्या पटक्यावरून (मुलं केसांवर बांधतात ते छोटं कापड) चिडवतात, त्यातून हे निघालं. मध्ये मोठा खंडा (शिखांचं धर्मचिन्ह), केशरी पार्श्वभूमी, खाली पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा, कृपाण) असं केलंय. लायब्ररीवाल्या बाई म्हणतात, फार धार्मिक वाटतंय. काय बदलू?

खटपट्या: माप काय? बघणार कोण, मुलं की मोठे? गुरुद्वाऱ्यात कुणाला दाखवलंत का?

चित्रलेखा_जर्सी: २४ बाय ३६ इंच. बघणारे सगळेच. गुरुद्वाऱ्यात नाही दाखवलं अजून.

स्पष्टवक्ता: ठळक अक्षरात लिहा, 'शीख म्हणजे मुसलमान नव्हेत'. विषय संपला. ९/११ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, ॲरिझोनातल्या मेसामध्ये बलबीरसिंग सोधींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या, त्या याच गोंधळातून.

अक्षरवेडी: म्हणजे मुसलमानांना मारलं तर चालेल? अमेरिकेतले कितीतरी शीख कार्यकर्ते हे वाक्य मुद्दाम टाळतात. चित्रलेखाताई, आधी खंडा काढा. मध्ये दुधारी खड्ग, भोवती चक्र, बाजूंना दोन तलवारी. ज्याला माहीत नाही त्याला नुसती हत्यारं दिसणार. त्यापेक्षा माणूस दाखवा. न्यूयॉर्कचे व्यंगचित्रकार विशवजीत सिंग दाढी-पगडीसकट कॅप्टन अमेरिका होऊन रस्त्यावर उतरले, तर लोक फोटोसाठी थांबायला लागले.

स्पष्टवक्ता: माणूस दाखवून काय होतं? २०१३ मध्ये गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत पगडीधारी शीख अभिनेते वारिस अहलुवालिया होते. सबवेतल्या पोस्टरवर कुणीतरी 'मेक लव्ह' खोडून 'मेक बॉम्ब्स' केलं.

अक्षरवेडी: पुढचंही सांगा की. त्या खरडलेल्या पोस्टरचा फोटो पसरल्यावर कंपनीने तीच जाहिरात आपल्या ट्विटर पानाच्या माथ्यावर लावली.

गोदाकाठचा: आमच्या नांदेडला हुजूर साहिब आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी (सर्वोच्च धर्मपीठांपैकी) एक. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, ते टाका.

तिरकस: लायब्ररीतल्या गोऱ्या आजीला नामदेव कोण ते सांगायला वेगळं पॅनेल लागेल. आणि आपण अमेरिकेला शहाणपण शिकवतोय, पण फॅमिली ग्रुपवर बारा वाजल्याचे विनोद सकाळ-संध्याकाळ येतात. ते फॉरवर्ड करणारे इथेही आहेत.

गोदाकाठचा: रोख कुणाकडे?

निवृत्त_काका: पगडीला साधारण पाच-सहा मीटर कापड लागतं. फुल व्हॉइल घ्यावं, रुबियाही चालतं.

खटपट्या: काका, पगडी बांधायची नाहीये, पोस्टर करायचंय! ताई, गुरुमुखी मजकूर असेल आणि फोटोशॉप जुनं असेल तर त्याच्या टाइप सेटिंगमध्ये साउथ एशियन पर्याय निवडा. नाहीतर 'सिख'मधली सिहारी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आपल्या पहिल्या वेलांटीचं होतं तेच. आणि छापण्याआधी गुरुद्वाऱ्यात दाखवाच.

चित्रलेखा_जर्सी: खंडा काढला. उद्या गुरुद्वाऱ्यात जाते. आंटी स्वतः फोटोला तयार आहेत, त्या फार्मसिस्ट आहेत, दुकानातच काढू म्हणाल्या. नातू मात्र फोटोला नाही म्हणतोय. त्याचं चित्र काढलं तर चालेल?

अक्षरवेडी: त्याला विचारून काढा. बाजारातल्या क्लिपआर्टसारखी भलीमोठी पगडी नको, शाळेत तो पटका बांधत असेल ना? तोच दाखवा, आणि हातात त्याच्या आवडीचं काहीतरी द्या.

खटपट्या: आणि ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) किती सोडलंय? फाइल आरजीबीत (स्क्रीनचे रंग) आहे की सीएमवायकेत (छपाईचे रंग)?